पेटी येते, पियानो अडलाय: मिन्युएटच्या दुसऱ्या भागात सराव कसा करावा?

काळी_चार

वय ४३. पेटीची साथ बऱ्यापैकी करता येते (भजन, नाट्यगीत), पियानो दीड वर्षापासून. वाद्य डिजिटल, ८८ पट्ट्यांचं, पट्ट्या वजनदार. रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

तुकडा: जी मेजरमधला तो सगळ्यांना माहीत असलेला मिन्युएट (बाखच्या नावावर खपणारा, खरा पेट्झोल्डचा). बार (नोटेशनच्या उभ्या रेघांमधले भाग) १ ते १६ मेट्रोनोम १०० ला (मिनिटाला १०० मात्रा) नीट जातात. १७ ते २४ मात्र ७२ लाही फाटतात, आणि दर वेळी २०-२१ च्याच आसपास. उजवा हात एकटा ९६ ला वाजतो, डावाही एकटा वाजतो. दोन्ही एकत्र आले की संपलं. दोन महिने हेच चाललंय.

सरावाची पद्धत: १० मिनिटं स्केल, मग तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. नोटेशन वाचायला फार वेळ लागतो, म्हणून प्रत्येक स्वराखाली सारेगम लिहून घेतलंय. मेट्रोनोम लावला की हात आखडतात.

वेळ वाढवू की पद्धत बदलू? वेळ वाढवणं खरं तर शक्य नाही.

---

मंद्रसप्तक

वेळ पुरेसा आहे. आधी एक हिशोब बघा.

तुकडा ३२ बारांचा, बारात ३ मात्रा, म्हणजे ९६ मात्रा. दोन्ही भागांची पुनरावृत्ती धरली तर १९२. मेट्रोनोम ७२ ला एका फेरीला २ मिनिटं ४० सेकंद लागतात. स्केल सोडून उरलेल्या ३० मिनिटांत जेमतेम ११ फेऱ्या. दर फेरीत बार २०-२१ दोनदा येतो, म्हणजे दिवसाला २२ वेळा, त्यातही बहुतेक वेळा चुकलेला. तुम्ही रोज त्या चुकीचाच रियाज करताय, आणि ती आता पक्की झालीय. पहिले १६ बार छान जातात कारण प्रत्येक अडखळण्यानंतर तुम्ही परत तिथूनच सुरू करता.

आता फक्त बार २०, बार २१ आणि बार २२ ची पहिली मात्रा घ्या. सात मात्रा, ७२ ला सहा सेकंद. मध्ये आठ-नऊ सेकंद हात मांडीवर ठेवून श्वास घेतला तरी मिनिटाला चार वेळा वाजतं, पाच मिनिटांत वीस वेळा. ३० मिनिटांचं काम पाच मिनिटांत, तेही डोकं ताजं असताना.

पुढच्या बारची पहिली मात्रा जोडायचीच. बारच्या रेघेपाशी थांबायची सवय लागली की दोन्ही तुकडे सुटे छान वाजतात आणि सांध्यावर फुटतात.

कोणत्या लयीत सुरू करायचं? जिथे ओळीने तीन वेळा एकही चूक होत नाही तिथे. ती लय ४६ असली तर ४६. (लाज वाटते, वाटू द्या.) तीन वेळा बिनचूक झालं की ४ ने वाढवा. चुकलं तर तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटू नका, ८ ने खाली या. पाच मिनिटं झाली की जिथे असाल तिथे थांबा आणि पोहोचलेला आकडा नोटेशनच्या कडेला पेन्सिलीने तारखेसह लिहा. उद्या त्या आकड्यापासून सुरू करायचं नाही, त्याच्या १२ खालून करायचं.

त्याआधी दोन चाचण्या करा, म्हणजे नेमकं काय बिघडतंय ते कळेल:

पहिली: उजवा हात वाजवा, डाव्याने नुसता ताल द्या. बंद झाकणावर किंवा मांडीवर, पण डाव्या हाताच्या स्वरांच्या लयीतच. इथेही फाटलं तर भानगड लयीची आहे.

दुसरी: डावा हात वाजवा आणि उजव्या हाताचं तोंडाने म्हणा. पेटीवाल्यांना हे सोपं जातं. म्हणताना नीट आलं आणि वाजवताना नाही, तर लय ठीक आहे, बोटांचा क्रम ठरलेला नाही.

तुमचं वर्णन वाचून माझा संशय दुसऱ्यावर आहे.

---

चौथं_बोट

मंद्रसप्तक यांचा संशय बरोबर आहे. बार २१ बोटांनीच अडतो, आणि पेटीवाल्यांचा तर हमखास.

उजव्या हाताच्या सहा आठव्या (म्हणजे अर्ध्या मात्रेच्या) नोटा: ए बी, सी शार्प डी, ई एफ शार्प. बोटं (अंगठा १, करंगळी ५) १ २, ३ १, २ ३. अंगठा हाताखालून जातो तो डी वर, म्हणजे दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात. तिथे ना मात्रेचा ठोका, ना डाव्या हाताचा आधार. एकटा हात असताना लक्ष सगळं अंगठ्यावर असतं म्हणून तो जातो. दोन हात झाले की लक्ष डावीकडे जातं आणि अंगठा उशिरा पोहोचतो. ऐकू काय येतं? डी वर धप्प असा जोर आणि त्याआधी बारीकशी फट.

उपाय अंगठा लवकर नेण्याचा. बी वर दुसरं बोट पडलं की त्याच क्षणी अंगठा ए सोडून आत सरकायला लागला पाहिजे, सी शार्प वाजेपर्यंत तो डी च्या डोक्यावर हजर. फक्त सी शार्प–डी–ई हे तीन स्वर ३ १ २ बोटांनी पुढेमागे घोळवा, दहा-बारा वेळा. मनगट जागेवर, कोपर बाहेर फेकायचं नाही.

अलीकडचे दोन बारही बघून घ्या, मूळ तिथेच आहे. बार १९ ला बोटं ४ २ ३ ४ १, शेवटचा डी अंगठ्यावर. लगेच बार २० चा सी शार्प तिसऱ्या बोटाने, अंगठ्यावरून ओलांडून. मग ३ २ ३ १ आणि बार २१ चा ए पुन्हा त्याच अंगठ्याने. बार १९ चा डी कधी १ ने तर कधी २ ने लागत असेल, तर बार २१ मध्ये पोहोचेपर्यंत हात दर वेळी वेगळ्या जागी असतो. मग “कधी येतं, कधी नाही” असं होतं. बोटांचे आकडे नोटेशनवर लिहा आणि सात दिवस एकही बदलू नका.

पेटीवर उजव्या हाताचं काम बरंचसं मधल्या तीन बोटांवर निभावतं, सुरावर बोट सरकवलं तरी भात्याच्या हवेने आवाज जोडला जातो. पियानोवर सरकवलेलं बोट ऐकू येतं. म्हणून अंगठा आणि करंगळी यांना वेगळं शिकवावं लागतं.

आता एक गंमत, जी पेटीवाल्यालाच पटकन दिसेल. बार २१-२२ आणि बार २९-३० शेजारी ठेवा.

२१-२२: ए बी सी शार्प डी ई एफ शार्प | जी एफ शार्प ई
२९-३०: डी ई एफ शार्प जी ए बी | सी बी ए

पहिल्यात सा पांढरी दोन (डी), दुसऱ्यात सा पांढरी पाच (जी). दोन्हींत तोच पलटा आहे: प ध नी सा रे ग | म ग रे. बोटंही तीच, १ २ ३ १ २ ३ | ४ ३ २. म्हणजे ३२ बारांत ही अडचण दोनदा भेटते आणि एकदाच सोडवायची आहे. ३० व्या बारपर्यंत तुम्ही दमून पोहोचता म्हणून तो वेगळा वाटत असेल इतकंच.

बार २३ सुद्धा तपासा. एफ शार्पवरून खाली ए वर उडी आहे, सहाव्या स्वरावर. बार २२ च्या शेवटच्या ई वर २ आहे. पुढच्या एफ शार्पला ३ न लावता ४ लावा. हात तेवढ्यानेच खाली सरकतो आणि ए वर अंगठा न ताणता पडतो.

---

आडवी_ओळ

सारेगम खोडा. आजच, खोडरबराने.

त्याचं कारण सोवळं-ओवळं नव्हे. स्वराखाली अक्षर असलं की डोळा अक्षरच वाचतो, वरचं टिंब वाचतच नाही. दीड वर्ष नोटेशन समोर आहे आणि वाचनाचा सराव एक मिनिटाचाही झालेला नाही. दुसरं, तुमचा सा फिरता आहे. गाणाऱ्याने काळी चार सांगितली की तुम्ही सा तिथे नेता. नोटेशनमधली ओळ मात्र जागची हलत नाही. मिन्युएटमध्ये सा पांढरी पाच धरला तर बार २० चा सी शार्प म्हणजे तीव्र मध्यम. तुमचा कान त्याला यमनाकडे ओढतो. संगीत मात्र तिथे डी मेजरमध्ये गेलंय, सा पांढरी दोनवर सरकलाय आणि तो सी शार्प शुद्ध निषाद झालाय. बार २४ ला डी वर मुक्काम, आणि तिसऱ्या मात्रेला डाव्या हातात साधा सी येतो. तो परत पांढरी पाचकडे घेऊन जातो. हा सी जाणीवपूर्वक ऐका, पुढचे आठ बार त्याच्यावर उघडतात.

लिहायचंच असेल तर बार २० वर “सा = पां. २” आणि बार २४ च्या शेवटी “सा = पां. ५” एवढंच. बाकी काही नको.

वाचनासाठी तीन खुणा पाठ करा. ट्रेबल क्लेफचा (वरच्या पाच ओळींच्या सुरुवातीची खूण) वेटोळा ज्या ओळीभोवती फिरतो ती खालून दुसरी, तिथे जी. बेस क्लेफच्या (खालच्या पाच ओळींची खूण) दोन टिंबांमधली खालून चौथी ओळ, तिथे एफ. आणि मधला सी, ट्रेबलच्या खाली किंवा बेसच्या वर एका छोट्या सुट्या रेघेवर. बाकीचे स्वर नावाने मोजत बसू नका, अंतराने वाचा. ओळीवरून लगतच्या ओळीवर म्हणजे मधला एक स्वर सोडून. ओळीवरून लगतच्या मोकळ्या जागेत म्हणजे शेजारचा स्वर. बार २१ मध्ये सहा टिंबं सरळ जिन्यासारखी चढतात, तिथे सहा नावं वाचायची गरजच नाही. पहिला स्वर, दिशा, शेवटचा स्वर. झालं.

रोज पाच मिनिटं अनोळखी काहीतरी वाचा, सध्या वाजवता त्याहून दोन इयत्ता सोपं. आधी अर्धा मिनिट नुसतं बघा: शार्प-फ्लॅट किती, मात्रा किती, पहिली बोटं कुठे, सगळ्यात मोठी उडी कुठे. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत मंडळाच्या परीक्षेतही अनोळखी तुकडा बघायला अर्धा मिनिटच मिळतो. मग सुरुवात करा आणि काहीही झालं तरी थांबू नका. चुकलेला स्वर गेला, मात्रा सोडायची नाही. तोच तुकडा दुसऱ्यांदा वाजवायचा नाही, दुसऱ्यांदा वाजवला की ते वाचन उरत नाही.

---

फावला_तास

वरचं सगळं ठीक आहे, पण ४ ने वाढवत नेण्याच्या पद्धतीला थोडा विरोध नोंदवतो. ४६ पासून ८० पर्यंत ती छान चालते, मग बहुतेकांची गाडी एका आकड्यावर रुतते आणि महिनाभर तिथेच बसते. कारण सावकाश वाजवताना प्रत्येक बोट सुटं उचलून टाकता येतं. जलद लयीत तेवढा वेळच नसतो, तिथे चार-पाच स्वर एका हालचालीत जावे लागतात. ती हालचाल सावकाश लयीत तयार होत नाही.

म्हणून दोन्ही टोकांकडून या. लय ठेवा शेवटची, समजा ११२, पण वाजवा फक्त ए–बी–सी शार्प आणि थांबा. हात सैल. पुन्हा. तीन वेळा सहज गेलं की चौथा स्वर, डी. अडचण इथेच असल्यामुळे इथे दोन दिवस लागले तरी चालतील. मग ई, मग एफ शार्प, मग बार २२ चा जी. थांब्याच्या जागी घट्टपणा जाणवला तर एक स्वर कमी करा.

सोबत लयीचे प्रकारही घ्या. सहा आठव्या नोटा लांब-आखूड, लांब-आखूड अशा वाजवा, मग उलट आखूड-लांब. उलट केल्यावर डी लांब होतो, तर अंगठ्याला सी शार्पवरून तिथे झटकन जावं लागतं. दोन्ही पाच-पाच वेळा, मग सरळ. सरळ अचानक सोपं वाटतं. परिणाम दुसऱ्या दिवशी थोडा ओसरतो, ते धरूनच चाला.

दुसरा मुद्दा वाटणीचा. एकाच जागेवर सलग वीस मिनिटं घालवू नका. शेवटच्या पाच मिनिटांत छान वाजतं आणि उद्या सकाळी निम्मं गेलेलं असतं. तुमच्या ४० मिनिटांची मी अशी वाटणी करेन:

५ मि. अनोळखी वाचन
५ मि. डी मेजर आणि जी मेजर स्केल (बाकीची स्केल सध्या बंद)
५ मि. बार २०-२१-२२
५ मि. बार २२ ते २४, इथे डावा हात मात्रेगणिक हलतो: बी डी सी शार्प, डी एफ शार्प ए, डी डी सी
५ मि. बार २८ ते ३०
५ मि. पुन्हा २०-२१-२२
५ मि. शेवटाकडून जोडणी: आधी २३-२४, मग २२ ते २४, मग २१ ते २४, असं मागे मागे
५ मि. पूर्ण तुकडा, एकदाच, फोनवर रेकॉर्ड करून

शेवटाकडून जोडण्याचा फायदा असा की तुम्ही नेहमी कच्च्याकडून पक्क्याकडे जाता. पहिल्यापासून वाजवताना नेमकं उलट होतं.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. तेव्हा नोटेशन समोर ठेवून जिथे थबकलात त्या बारवर पेन्सिलीने टिंब करा. आठवड्याने टिंबांची गर्दी कुठे आहे ते बघा, पुढच्या आठवड्याचं काम तिथे.

आणि मेट्रोनोमला घाबरत असाल तर त्याला प्रत्येक मात्रेला वाजवू नका. बारला एकच ठोका ठेवा, पहिल्या मात्रेवर. ७२ च्या लयीसाठी आकडा २४ येतो, आणि बरेच मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाहीत, तेव्हा ॲपमध्ये बाकीच्या दोन मात्रा मुक्या करा. मधल्या दोन तुम्ही सांभाळायच्या. शिक्षक पाठीशी उभा आहे असं वाटत नाही मग.

---

मंद्रसप्तक

फावला_तास, मान्य. माझी पद्धत ८० पर्यंतच धरा, पुढे तुमची.

मात्रांवरून आठवलं: मिन्युएट नाचाचं मूळ पाऊल दोन बारांचं, म्हणजे सहा मात्रांचं असतं. म्हणून दोन-दोन बारांची जोडी एका श्वासात घ्या. दादराच्या आवर्तनासारखं डोक्यात ठेवलं तरी हरकत नाही, पण तबल्याच्या ॲपवर दादरा लावून वाजवू नका. ठेक्याच्या झोक्याने आठव्या नोटा वाकड्या होतात, आणि इथे त्या सरळ हव्यात.

---

काळी_चार

सगळ्यांचे आभार. चाचणी केली: मांडीवर ताल देऊन उजवा हात नीट गेला. म्हणजे बोटंच. बार १९ चा डी मी खरंच कधी १ ने, कधी २ ने घेत होतो.

तीन शंका उरल्यात. (१) डावा हात उजव्यापेक्षा मोठा ऐकू येतो. (२) पंधरा मिनिटांनी उजव्या हाताच्या कोपराखाली जळजळतं. (३) कीबोर्डवर ट्रान्सपोजचं (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं) बटण आहे. सवयीसाठी तुकडा पांढरी एकमध्ये (सी) वाजवून बटणाने जी करून घेतला तर चालेल का?

---

चौथं_बोट

(२) आधी, कारण ती तब्येतीची गोष्ट आहे. जळजळ आली की त्या दिवशी तिथेच थांबा. दोन आठवडे वरच्या गोष्टी सुधारूनही कमी झाली नाही, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टर.

कारण बहुधा दाबून ठेवण्याचं आहे. पेटीचा स्वर बोट आहे तोवर आणि भाता चालू आहे तोवर राहतो. पियानोत पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, आणि तळ येण्याच्या जरा आधीच हातोडी सुटून तारेकडे जाते. त्यानंतर पट्टी कितीही दाबा, आवाजात फरक पडत नाही. पट्टी खाली न्यायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं, आणि तळाशी धरून ठेवायला त्याहूनही कमी. डिजिटलमध्ये हातोडी खरी नसली तरी हिशोब हाच: आवाज ठरतो तो पट्टी किती वेगाने खाली गेली यावर. तेव्हा वाजवा, तळ लागला की बोट तिथेच ठेवून जोर काढून घ्या. एक-एक स्वर असा घ्या आणि दुसऱ्या हाताने मनगट हलवून बघा. हललं पाहिजे.

बैठकही बघा. पेटीला आपण जमिनीवर बसतो, हात वरून येतो. इथे कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं, हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून ७२ ते ७४ सेंटिमीटरवर येतो का ते टेपने मोजा. इंग्रजी एक्सच्या आकाराचे घडीचे स्टँड अनेकदा त्याहून उंच लावलेले असतात, मग खांदे वर चढतात आणि जळजळ खाली येते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची असेल तर उशीऐवजी घट्ट घडी केलेली चादर घ्या, उशी दबते.

(१) पेटीत भाता एकच, त्यामुळे एका वेळी वाजणारे सगळे सूर साधारण सारख्या जोराने येतात. एका हाताला मोठं आणि दुसऱ्याला लहान वाजवणं तुमच्या हातांनी कधी केलेलंच नाही. उजवा हात पूर्ण आवाजात वाजवा आणि डाव्याची बोटं पट्ट्यांना नुसती लावा, आवाज न काढता, पण योग्य वेळी योग्य पट्टीवर. पाच वेळा. मग डाव्याला ऐकू येईल न येईल इतकाच आवाज. आधी बार २२ ते २४ वर करा, डावा हात तिथेच सगळ्यात जास्त बोलतो. हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवू नका. आवाज वाढवलेला असला की हात अलगद वाजवायला शिकतो आणि परीक्षेच्या खऱ्या पियानोवर निम्मे स्वर उमटत नाहीत.

(३) नाही. डोळ्याला जी दिसणार, हात सी वर, कानात पुन्हा जी. आडवी_ओळ यांनी सांगितलेलं वाचन यात कधीच बसणार नाही. शिवाय सी मेजरमध्ये बार २९ चा पलटा सगळा पांढऱ्या पट्ट्यांवर येतो. तिसरं बोट एफ शार्पच्या काळीवर उंच असतं म्हणून अंगठ्याला खालून जायला जागा मिळते, ती सोयही जाते. तुमच्या बोटांना जी मेजर सी पेक्षा सोपं आहे, तुम्हाला अजून तसं वाटत नाही इतकंच.

ट्रान्सपोज शून्यावर आणा आणि बटणावर कागदी चिकटपट्टी लावा. पेटीवाल्याचं बोट आपोआप तिकडे जातं.